डाव्या कानाकडे लक्ष देऊ नका

कानाच्या दवाखान्यात सगळे मोठ्याने बोलतात. येणाऱ्याला कमी ऐकू येतं म्हणून तिथली माणसं मोठ्याने बोलतात, मग सवय जडते म्हणून घरी जाऊनही मोठ्याने बोलतात, आणि घरचे म्हणतात, आम्हाला काय बहिरं समजतेस का. ताईचं अकरा वर्षं हेच चाललं होतं.

ताई कान तपासायची. डॉक्टर नव्हे, डॉक्टर पलीकडच्या खोलीत बसत आणि लोकांच्या कानात दिवा घालून विनोद सांगत. ताईच्या खोलीत आणखी एक खोली होती. कपाटाएवढी, जाड दाराची, आतून करड्या स्पंजचं अस्तर लावलेली, एका खुर्चीपुरती. दार लागलं की आतल्याला स्वतःच्या घोटाचा आवाज ऐकू येई. समोर काच. काचेच्या अलीकडे ताई, तिचं यंत्र, एक तक्ता आणि एक पेन.

शिट्ट्या ऐकवायची तपासणी सगळ्यांचीच होई. पण ज्यांना कामासाठी दाखला लागे, म्हणजे गाडी चालवणारे, क्रेनवाले, फोनवर बसणाऱ्या मुली, त्यांची आणखी एक तपासणी असे आणि ताईची ती आवडती. दोन कानांत दोन आवाज. उजव्या कानात एक गृहस्थ सावकाश शब्द सांगत: म्हणा, खिडकी. म्हणा, दोरी. असे पंचवीस. डाव्या कानात त्याच वेळी दुसरंच कोणीतरी काहीबाही वाचत राही. आतल्याने उजवीकडचा शब्द म्हणून दाखवायचा आणि डावीकडचं सोडून द्यायचं. गलक्यातून हवं ते वेचता येतं की नाही, एवढंच बघायचं. अठरा बरोबर आले की पास.

"डाव्या कानाकडे लक्ष देऊ नका" हे वाक्य ताईने इतक्या वेळा म्हटलं होतं, की ती ते झोपेतही म्हणते, असं तिचा नवरा सगळ्यांना सांगे. "आणि मी डावीकडेच झोपतो," असं पुढे जोडी.

नियम दोनच. यादी सुरू झाली की मध्ये थांबवायची नाही. आणि आतला माणूस जे बोलेल ते तक्त्यावर जसंच्या तसं उतरवायचं. ताईच्या स्वतःच्या हेडफोनमध्ये फक्त उजवी बाजू आणि आतल्याचं बोलणं येई. डावीकडे काय वाचतात, ते तिने कधी ऐकलं नव्हतं. गरजच काय होती?

तरी बाहेर येणारे सांगत.

"ती बाई पत्ता विचारते," एक टॅक्सीवाला म्हणाला, "पण जायचंय कुठे, ते काही सांगत नाही. अशी गिऱ्हाइकं फार."

फोनवर तक्रारी घेणारी एक मुलगी म्हणाली, "ताई, तिला किती वेळ होल्डवर ठेवलंय तुम्ही?"

क्रेनवाला म्हणाला, "कोण बाई?" त्याचे पंचवीसपैकी पंचवीस आले होते.

ताई हसायची. ज्याच्या मनात जे, त्याच्या कानात ते. माणसाचा कान म्हणजे काही बादली नव्हे की नळाखाली धरली आणि भरली. तो चोखंदळ म्हाताऱ्यासारखा असतो. ताटातलं हवं ते खातो आणि बाकीचं कडेला सारतो. हे वाक्य डॉक्टरांचं. ताईने त्यात "म्हाताऱ्यासारखा" एवढं घातलं होतं, कारण तिच्या घरी एक होता.

*डावीकडे, त्याच सुमारास:* बाहेर पाण्याच्या मशीनपाशी एक माणूस पेला भरून बाजूला झाला आणि नळापासून जरा अदबीने मागे सरकला, जसं आपण मागच्याला वाट देताना सरकतो. मागे कोणी नव्हतं. हे ताईच्या उघड्या दारासमोर घडलं. ताई तक्त्यावर तारीख घालत होती.

*

घरचा म्हातारा म्हणजे ताईचे बाबा. वय त्रेसष्ट, त्यातली एकतीस वर्षं शाळेच्या बसच्या चाकामागे. बसमध्ये बत्तीस मुलं. मुलं त्यांना बसआजोबा म्हणत. आई गेल्यावर बाबा लेकीकडे राहायला आले, तेव्हा पहिले काही महिने ते फक्त एका गोष्टीसाठी उठत: साडेसहाला गॅरेज, सातला पहिला थांबा. सुट्टीच्या दिवशी नऊपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून राहत. ताईला त्या नऊ वाजण्याची भीती वाटे.

आणि बाबांना ऐकू कमी येऊ लागलं होतं. म्हणजे येत होतं आणि येत नव्हतं.

"तुझ्या बाबांना 'पंखा बंद करा' ऐकू येत नाही," जावई म्हणे. "आणि मी शेजारच्या खोलीत चॉकलेटचा कागद सोडला की हजर."

"तुम्ही कागद फार जोरात सोडता," बाबा आतून म्हणत.

यंदा शाळेने फर्मान काढलं. साठीपुढच्या ड्रायव्हरांना कानांचा दाखला हवा, शुक्रवारपर्यंत. नाहीतर बस दुसऱ्याकडे. डोळ्यांचा दाखला बाबांनी दोन मिनिटांत मिळवला होता. वर, तपासणाऱ्याला त्याच्या पाठीमागचं कॅलेंडर मागच्या महिन्याचं असल्याचंही सांगून आले होते.

"तुम्हाला समोरचे आकडे वाचायला सांगितले होते ना?" ताईने विचारलं.

"वाचले की. ठमे, समोर बघायचं असतं आणि मागचं दिसू द्यायचं असतं. आरसा बघायला गेलीस की रस्ता गेला. आरशाकडे बघायचं नाही. तो नुसता डोळ्यात असू द्यायचा." ताई एक्केचाळीस वर्षांची होती, पण बाबांसाठी ठमीच. "आणि पोरांच्या गोंगाटाचंही तसंच. गोंगाट मी ऐकत नाही. पण त्याचा एखादा कोपरा गप्प झाला की मी गाडी बाजूला घेतो. एकदा एकाचं डोकं खिडकीच्या गजात अडकलं होतं."

"मग यातही पास व्हाल. फक्त डाव्या कानाकडे लक्ष देऊ नका."

"देत नाही लक्ष," बाबा म्हणाले. "येईल ते येऊ दे."

सोमवारी दुपारी ते खुर्चीत बसले. ताईने दार लावलं, काचेतून अंगठा वर करून दाखवला आणि यादी सुरू केली. नियमाप्रमाणे थांबवली नाही. नियमाप्रमाणे जसंच्या तसं लिहिलं. तो तक्ता असा:

१. खिडकी — खिडकी
२. दोरी — दोरी
३. पिशवी — पिशवी
४. गवत — गवत
५. चमचा — हो, बोला
६. घोडा — घोडा
७. शिडी — नाही नाही, ऐकू येतंय की
८. बटण — बटण
९. सायकल — मी? बस चालवतो
१०. टोपी — बत्तीस
११. कात्री — गोड आहेत सगळी. एक चावतो
१२. पाऊस — पाऊस
१३. फळी — तुम्ही इथे किती दिवस?
१४. मोजे — अरेरे
१५. साबण — साबण
१६. कुलूप — एवढी वर्षं, आणि कुणीच नाही?
१७. बशी — बशी
१८. झाडू — आहे की. शेवटच्या बाकावर, खिडकीपाशी
१९. कागद — कागद
२०. पूल — सातला
२१. दिवा — दिवा
२२. चाक — त्यात विचारायचं काय
२३. भिंत — उन्हाची बाजू आहे, पण पडदा लावून देतो
२४. खडू — चला
२५. पंखा — चला, चला

अकरा.

पंचविसावा झाला तसे बाबा हेडफोन काढून उठले, तोंडावर समाधान. ताईला मात्र घाम फुटला होता. तिला वाटलं, मायक्रोफोन उघडा बघून बाबा आपल्याशीच गप्पा मारत होते.

*डावीकडे:* बाबांनी बाहेर येताना ते जड दार एका हाताने धरून ठेवलं. एका माणसाला बाहेर पडायला लागतं त्याहून जरा जास्त वेळ. मग हळूच सोडलं. ताई तेव्हा अकरा हा आकडा पुन्हा मोजत होती.

"बाबा, अकराच आले. हा काय चावटपणा?"

"चावटपणा कसला? एवढ्या आपुलकीने कोणी विचारत असताना आपण 'कात्री, कात्री' करायचं? शोभतं का ते?"

"तुम्हाला सांगितलं होतं, लक्ष देऊ नका!"

"दिलंच नाही. दिलं असतं तर ऐकूच आलं नसतं."

ताईने तक्त्याकडे पाहिलं. पेन तिच्या हातात होतं. चुकलेल्या चौदांपैकी सात जागी बरोबरच्या खुणा केल्या असत्या तरी अठरा झाले असते, आणि विचारायला कोणी आलं नसतं. तिच्या डोळ्यांपुढे भिंतीकडे तोंड केलेली ती पाठ आली. मग बत्तीस मुलं आली.

बाबांनी पेनकडे पाहिलं. "खोटं लिहिलंस, तर शाळेत जाऊन मीच तक्रार करीन."

ताईने अकरा लिहिले. डॉक्टरांनी तक्ता वाचला आणि पोट धरून हसले. शुक्रवारी एकदा फेरतपासणी करता येते, म्हणाले. तोवर बाबांना बस चालवू द्यायला शाळेची हरकत नव्हती.

*

मंगळवारी सकाळी पहिला आला तो एक ट्रकवाला. बावीस बरोबर. बाहेर येऊन म्हणाला, "ताई, डाव्या कानात काहीच आलं नाही हो."

दुसरी तारांचं काम करणारी बाई. "डावीकडे शांतता होती. बरं वाटलं."

अकरा वर्षांत असं कोणी म्हटलं नव्हतं. तिसऱ्यानेही तेच म्हटलं, तेव्हा ताईने दुरुस्तीवालीला फोन लावला.

दुरुस्तीवाली म्हणजे एक चटपटीत बाई, कमरेला हत्यारांचा पट्टा, तोंडात कायम लवंग. तिने डावा कप उघडला, आत टॉर्च मारला आणि लवंग एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

"तार तुटलीये."

"कालच तुटली असेल."

"काल?" तिने ते टोक ताईपुढे धरलं. हिरवं पडलेलं, बोट लावलं तर भुगा सांडणारं. "ताई, माझं लग्न झालं तेव्हाही ही तुटलेलीच असेल. आणि माझा मोठा आता माझे बूट घालतो. या कपातून कित्येक वर्षं आवाज गेलेला नाही."

"लोकांना तर ऐकू येत होतं."

"उजव्यातून थोडं झिरपत असेल."

"उजव्यात एक गृहस्थ आहेत. लोक बाई म्हणतात."

दुरुस्तीवालीने खांदे उडवले. उद्या नवी तार आणते, म्हणाली, आणि जाता जाता डॉक्टरांकडून स्वतःचा कान फुकटात तपासून घेऊन गेली.

डॉक्टरांना फार मजा वाटली. "सूचना, ताई, सूचना! आवाज येईल असं आपण सांगतो, म्हणून त्यांना येतो. मी रोज सांगतो की दुखणार नाही. कुणाचं दुखतं का?"

"दुखतं," ताई म्हणाली. "ओरडतात की."

"ते सोडा."

ताईलाही हे पटलं असतं. पण सूचना तर ती आजही तीच देत होती, त्याच शब्दांत. मग आज ती बाई का नव्हती?

दुपारी सगळे गेल्यावर ती स्वतः आत जाऊन बसली. दार ओढून घेतलं. खुर्चीच्या डाव्या हाताची गादी उजव्यापेक्षा जास्त झिजली होती, हे तिला पहिल्यांदाच दिसलं. तिने हेडफोन चढवला. उजवीकडे गृहस्थ म्हणाले, म्हणा, खिडकी. ती म्हणाली, खिडकी. डावीकडे काही नव्हतं. नुसती शांतता नव्हे ती. पाहुणा गेल्यावर घर जसं लागतं, तसं काहीतरी. खुर्ची सरकवलेली, चादरीला सुरकुत्या, आणि कोणी नाही.

नंतर ती तक्ता घेऊन बसली आणि बाबांची चुकीची उत्तरं तेवढी सलग वाचून काढली. उजवीकडचे शब्द झाकून. चौदाच ओळी होत्या. तिने त्या दोनदा वाचल्या आणि तक्ता पालथा ठेवला.

*

बुधवारी नवी तार बसली. तेव्हा कळलं की डाव्या कानात मुळात कोण होतं ते. एक पुरुष होता. एकसुरी आवाजात, फळझाडांना खत केव्हा घालावं, हे वाचत होता. पास होणारे पास होत राहिले.

शुक्रवारी बाबा आले. केस पाणी लावून विंचरलेले, इस्त्रीचा शर्ट. जावई खास सुट्टी काढून बाहेर बसला होता आणि खिशात चॉकलेट ठेवून होता, कागदासकट. ताईने दार लावताना काही सांगितलं नाही. नेहमीचं वाक्य तिच्या तोंडून निघेना.

बाबा एकामागून एक शब्द म्हणत गेले. गवत. चमचा. घोडा. ताई लिहीत गेली. तेवीस आले. बाहेर जावयाने कागद इतक्या जोरात सोडला की आख्ख्या प्रतीक्षालयाने माना वळवल्या; आणि त्यातल्या निम्म्यांना ऐकू कमी येत होतं.

"आज कोणी माणूस होता," बाबा चॉकलेट चघळत म्हणाले. "झाडांचं सांगत होता. कंटाळवाणा, पण माहिती चांगली."

"आणि ती?" ताईने हळू विचारलं.

"कोण?"

"सोमवारची."

"ती आता इथे कशाला असेल?" बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनेच काही खुळ्यासारखं विचारलं होतं. "अगं, बसायला जागा आहे का विचारत होती. मी आहे म्हटलं. ठमे, तू आता ती सही कर बघू. मला पोरांना सांगायचंय."

ताईने सही केली. खरे तेवीस होते. सही न करायला तिच्यापाशी कारण नव्हतं. जे होतं ते कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं.

पुढच्या सोमवारी सकाळी ताई बसमध्ये चढली. "माझ्याबरोबर एक फेरी मार," असा बाबांचाच आग्रह होता, आणि डॉक्टरांनी हसत हसत अर्धा दिवस दिला होता. दाखला समोरच्या काचेच्या कोपऱ्यात चिकटवलेला होता, खाली ताईची सही. बाबांनी शिट्टी वाजवत गाडी काढली. ताई ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसली. बाबांच्या शेजारच्या छोट्या बाकावर त्यांचा डबा होता.

काय गोंगाट होता. मुलं प्रत्येक थांब्याला आत लोटत होती, बसआजोबा पास झाले म्हणून टाळ्या पिटत होती, त्यांच्या टकलावर स्टिकर लावत होती. मग गाणं सुरू झालं. एका हत्तीला चार बूट, दोन हत्तींना आठ बूट, आणि चुकेल त्याने पुन्हा पहिल्या हत्तीपासून. ताईही गाऊ लागली. बाराव्या हत्तीला तिचा हिशेब चुकला आणि बत्तीस पोरं तिच्यावर ओरडली. किती तरी दिवसांत ती एवढी हसली नव्हती.

हसता हसता तिने मागे पाहिलं. पुढे दोघांच्या सीटवर तीन तीन मुलं कोंबून बसली होती. शेवटच्या बाकावर, खिडकीपाशी, एक जागा रिकामी होती. तिथला पडदा लावलेला होता.

"अगं, मागे जागा आहे की," तिने शेजारच्या सीटवर दाटीत अडकलेल्या मुलीला सांगितलं.

मुलीने वळून पाहिलं. थेट तिथेच पाहिलं. "कुठे?" तिने विचारलं. उत्तराची वाट न बघता ती पुढच्या हत्तीत सामील झाली.

"बाबा," ताई म्हणाली. "तिथे कोणी का बसत नाही?"

"बघायला जाऊ नकोस," बाबा मजेत म्हणाले. डोळे रस्त्यावर. "गरीब आहे बिचारी. गाणं ऐकते. मंगळवारपासून एक दिवस चुकली नाही. तू पुढे बघ आणि असू दे."

ताईने पुढे पाहिलं.

रस्ता ओला होता, लख्ख. काचेच्या कोपऱ्यात तिची सही होती. शाळा अजून दोन थांबे दूर.

वीस हत्ती, ऐंशी बूट.

तिच्या डोळ्यांच्या कडेला मोठा आरसा होता. तिने त्याकडे पाहिलं नाही. तो नुसता असू दिला.

शेवटून दुसऱ्या रांगेत एका मुलाने गाणं न थांबवता गुडघे आत घेतले.

एकवीस हत्ती.

त्याच्या पुढच्या रांगेतल्या मुलीने वाटेतलं दप्तर ओढून मांडीवर घेतलं. गातच.

तिच्या पुढच्याने कोपर आवरलं. त्याच्या पुढच्या दोघांनी पाय.

एकानेही मान वळवली नाही. एकाचाही सूर चुकला नाही. रांगेमागून रांग, मागून पुढे, सावकाश. चालत्या गाडीत हाताला येईल ते धरत धरत कोणी पुढे यावं, तितक्या सावकाश.

बाबांनी रस्त्यावरची नजर न काढता डावा हात लांब केला आणि शेजारच्या बाकावरचा डबा उचलून खाली ठेवला.

ताईने खाली पाहिलं.

तिचे पाय सीटखाली आत घेतलेले होते. केव्हा घेतले, ते तिला आठवेना.